येळवस होऊ दे, मग बघू

काखेत गाठ लागली म्हणालीस आणि लगेच पुढे म्हणालीस, "पण दुखत नाही गं ताई, अजिबात." ते तू मला धीर द्यायला बोललीस. मला मात्र तेवढ्यानंच तुझ्याशी निवांत बोलावंसं वाटलं. फोनवर काही विचारता येईना, तुझ्या मागं सारखं कुणीतरी येत-जात होतं.

घाबरवत नाहीये. कातडीखाली सापडणाऱ्या बहुतेक गाठी साध्याच निघतात आणि तुझीही तशीच निघेल असं मला वाटतं. पण साधी आहे की नाही हे दुखण्यावरून ठरत नाही. करट दुखतं. काखमांजरी तर हात खाली घेऊ देत नाही. ही दुखणारी मंडळी आठ-दहा दिवस छळतात, पिकतात, फुटतात आणि जातात. गंडमाळेची गाठ, स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा चिडीचूप असते. दुखत नाही म्हणून घरात कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून बाईही सांगत नाही.

"दुखायलंय का? न्हाई ना? मग कशाला दवाखान्याला पैसे घालायलीस?" हे तुझ्या सासूबाईंचं बोलणं मला इथं बसून ऐकू येतं. वाईट नाहीत गं त्या. त्यांच्या पिढीनं नारू बघितलाय. बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातून नारू पोटात जायचा आणि वर्षभरानं पायाच्या कातडीतून डोकं काढायचा. मग तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटू द्यायचा नाही, हाच उपचार. औषध नव्हतंच त्याच्यावर. देशातला शेवटचा नारूचा रोगी 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तोही पाणी गाळून पिऊन आणि बारवांत उतरणं बंद करून. ज्या बाईनं असला रोग घरातच काडीवर गुंडाळलेला पाहिलाय, तिला वाटाण्याएवढ्या गाठीसाठी बिदरची बस पकडणं म्हणजे नखरेच वाटणार. रागावू नकोस त्यांच्यावर. फक्त ऐकू नकोस.

आता मी विचारते, तू हात लावून सांग. काखेत ब्लेड लागलं होतं का? त्या हाताला जखम, फोड, मांजराचं बोचकारणं, काही? असेल तर अवधाण असेल. पायात तुरीचं धसकट घुसलं की जांघेत अवधाण येतं, हे शेतातली कुठलीही बाई तुला सांगेल आणि बरोबर सांगेल. जखमेतून शिरलेला जंतू पुढच्या नाक्यावर अडवला जातो, तिथली ग्रंथी सुजते, जखम भरली की दोन-तीन आठवड्यांत उतरते. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या जांघेत तर बारीक गाठी कायमच हाताला लागतात. पण जखम कुठंच नाही, किंवा तीन आठवडे होऊनही गाठ तशीच आहे, किंवा वाढतेय, तर मग अवधाण म्हणून सोडून द्यायचं नाही.

मऊ, बोटाखाली सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली असेल तर आवाळू. चरबीची गाठ ती, नांदू दे तिला. लिंबाहून मोठी व्हायला लागली किंवा खोल रुतून घट्ट झाली तरच दाखव. पाठीवर, डोक्यात गोल गाठ आणि मधोमध काळा ठिपका असेल तर दाबत बसायचं नाही. घाण वासाचं पांढरं निघतं, समाधान वाटतं, पण आतली पिशवी राहते, पुन्हा भरते, आणि एकदा पिकली की मग बघायला नको. गळ्यासमोर, घोट गिळताना वर-खाली होणारी गाठ थायरॉइडची. तिची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. हासळीच्या हाडावरच्या खळगीत कडक गाठ लागली तर मात्र आठवडाभरही थांबायचं नाही.

हे सगळं सांगूनही तुझी गाठ कसली आहे ते मला इथून कळत नाही. डॉक्टरलाही नुसत्या बोटांनी दर वेळी कळत नाही, आणि तसं कबूल करणारा डॉक्टर मला आवडतो. हात लावल्या-लावल्या "काही नाही, पाच दिवसांच्या गोळ्या घे" म्हणणारा पहिल्या खेपेला बरोबर असू शकतो. तिसऱ्या खेपेलाही तेच म्हणाला तर डॉक्टर बदल.

मानेच्या गाठीचं जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या जावेची पोरगी ओढणी गळ्याभोवती गुंडाळूनच असते, ते मी मागच्या वेळी पाहिलंय. असेल साधंच. पण गंडमाळ अशीच सुरू होते. मानेच्या बाजूला एक गाठ, मग शेजारी दुसरी, हळूहळू एकमेकींना चिकटतात. दुखत नाहीत, हाताला गरम लागत नाहीत. कधी संध्याकाळचा बारीक ताप असतो, कधी वजन उतरतं, कधी यातलं काहीसुद्धा नसतं. पुढं फुटली तर महिनोन्महिने वाहत राहते. हा क्षयच आहे, फक्त फुप्फुसाऐवजी ग्रंथीत बसलेला. आणि आपल्याकडे लग्नाच्या पोरीच्या मानेला गाठ आली की आधी ओढणी येते, दवाखाना फार उशिरा.

अशीच एक मान मी जवळून पाहिलीय. गाठीवर बिब्बा लावला होता. रुपयाएवढी कातडी काळीठिक्कर, कडेनं पाण्याचे फोड, त्यावर माश्या बसू नयेत म्हणून लावलेली हळद, आणि या सगळ्याच्या खाली गाठ जशीच्या तशी, बोटाला टणक लागणारी. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, ग्रंथीपर्यंत पोचतच नाही. चुना-गूळ, डाग, गंडा-दोरा, सगळ्यांची तीच गत. त्या पोरीला पुढं सहा महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या आणि गाठी विरल्या. मानेवर डाग राहिला तो बिब्ब्याचा.

त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी रोग्याच्या खात्यात पैसे येतात. 2018 साली सुरुवात झाली तेव्हा महिन्याला 500 रुपये होते, 2024 च्या नोव्हेंबरपासून 1000 झाले. पण गोळ्या देताना गर्दीत काही गोष्टी सांगायच्या राहून जातात, त्या मी सांगते. लघवी लालसर-नारिंगी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग. पहिल्या काही आठवड्यांत गाठी उलट फुगू शकतात, एखादी नवीनही येऊ शकते. तिथंच लोक "औषध लागू पडेना" म्हणून सोडतात, आणि तिथंच सोडायचं नसतं. डॉक्टरला दाखवायचं आणि गोळ्या चालू ठेवायच्या. सहा महिन्यांनंतरही बारीक गाठ हाताला लागत राहिली तर रोग उरलाय असंच काही नाही. आणि लग्न झालेल्या बाईसाठी एक, जे सासूसमोर कुणी बोलत नाही: या औषधानं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो. तेवढे महिने दुसरा उपाय कर, नर्सला विचार, लाजू नकोस. ताट-तांब्या वेगळं करायची गरज नाही. छातीचा फोटो काढून फुप्फुसात काही नाही ना हे बघतात. नुसत्या ग्रंथीतला क्षय एका ताटात जेवल्यानं कुणाला लागत नाही.

आता दार लावून घे. काखेत गाठ आहे म्हणजे छातीही तपासायचीच, कारण स्तनाचा निचरा त्याच काखेतल्या ग्रंथींत होतो. पाळी येऊन गेल्यावर तीन-चार दिवसांनी बघ, त्याआधी छाती आपसूकच गुठळ्यागुठळ्यांची लागते आणि उगाच जीव घाबरतो. आंघोळीला बसलीस की साबणाच्या हातानं, बोटांच्या टोकांनी चिमटे न घेता तीन बोटांच्या सपाट भागानं, हासळीपासून खाली आणि मधल्या हाडापासून काखेपर्यंत गोल गोल. मग आरशासमोर हात वर करून बघ. कातडीला कुठं खळी पडते का, बोंड आत ओढलं गेलंय का, आधी नव्हतं आणि आता आहे असं काही. बोंडातून आपोआप रक्ताळ पाणी आलं तर लगेच जा. विशीतल्या पोरींना बोटाखालून निसटणारी गुळगुळीत गाठ होते, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध तुंबून गाठ येते. तिनं पाजणं थांबवायचं नाही, ताप आला तर दवाखाना गाठायचा.

हातानं तपासून काय होणार, असं तुला वाटेल. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून जास्त गोरगरीब बायकांवर वीस वर्षं एक मोठा अभ्यास केला. निम्म्यांची छाती प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासली. 2021 साली निकाल छापून आला: पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, तेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय. पण रोग लवकरच्या पायरीवर सापडला, यंत्राशिवाय. म्हणून तुझ्या सासूबाईंची छाती तुझ्याआधी तपासली जायला हवी, खरं सांगायचं तर. सरकारी केंद्रात तिशीपुढच्या बायकांचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख बघायचा कार्यक्रम आहे. आशाताईला विचार कुठल्या दिवशी असतं. सासूबाईंनाही घेऊन जा, "तुमची साखर-बीपी बघू" म्हणून.

तुझ्या मालकांनाही एक सांगायचंय, कसं सांगायचं ते तू ठरव. आपले बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही हत्तीरोगाचे जिल्हे. हत्तीपाय सगळ्यांना माहीत आहे, पण पुरुषाच्या अंडात पाणी साठून येणारी सूज त्याच डासाची असू शकते, हे कुणी बोलत नाही. धोतरात झाकता येतं तोवर झाकतात. जांघेत गाठ, थंडी-ताप, पायावर लाल ओढ, असं वरचेवर होत असेल तर रक्त तपासायला सांग. ते रात्री घेतात, कारण हत्तीरोगाचे जंतू रात्रीच रक्तात उतरतात. उगाच भुताटकी समजू नका. अंडातल्या पाण्याचं ऑपरेशन लहानसं असतं. आणि वर्षातून आशाताई घरोघर गोळ्या वाटते, त्या कोनाड्यात ठेवायच्या नसतात, जेवण करून तिच्यासमोर गिळायच्या असतात.

येळवसेचा सण होऊ दे म्हणालीस. मान्य, शेतातली कोप, भज्जी, अंबील, सगळं तुझ्या हातचं लागतं. पण मला पुढचंही दिसतं. येळवस झाली की तुरीची रास. रास झाली की जत्रा, मग पोरांच्या परीक्षा, मग दिराचं लग्न, मग पेरणी. आपल्या भागातल्या बायकांच्या गाठी अशाच मोठ्या होतात. दवाखाने आहेत, बस आहे, कार्ड आहे. बाईचा नंबर तेवढा लागत नाही. गाणगापूरला नवस बोलायचा असेल तर जरूर बोल, फेडायला मीही येते. पण दवाखान्याची चिठ्ठी आधी.

चिठ्ठी कुठून निघते तेही ऐक. आधी गावचं आरोग्यकेंद्र नाहीतर तालुक्याचा सरकारी दवाखाना. तिथून बिदरच्या ब्रिम्स किंवा गुलबर्ग्याच्या जिम्स या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी घ्यायची. ही पायरी गाळू नकोस. कर्नाटकाच्या आरोग्य योजनेत बीपीएल कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण सरकारी दवाखान्यात जे होत नाही त्यासाठीच, आणि त्यांच्या चिठ्ठीनंच खासगीत जाता येतं. 2023 च्या जूनपासून आपल्या राज्याच्या साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार तेवढं जवळ ठेव. 2017 पासून बिदरहून हुमनाबादमार्गे गुलबर्ग्याला रेल्वेही आहे. गुलबर्ग्याला बंगळूरच्या किदवाई संस्थेचं कर्करोग केंद्र आहे, लागलंच तर.

आळंदकडचे लोक सोलापूरला धावतात, औरादकडचे उदगीर-लातूरला, बिदरचे हैदराबादला. भाषेची सोय वाटते, पाहुणे असतात, मी समजू शकते. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय तर खेड्यातल्या माणसांचंच. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथं 1987 साली सुरू झाली. पण सीमा ओलांडायच्या आधी आपलं कार्ड तिथं चालतं का हे फोन करून विचार. तिथं पोचल्यावर विचारलं तर मग सोनं गहाण पडतं.

दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीत पाठवतील. पुढून उघडणारा ब्लाउज घाल. मालक सोबत असू देत, पण बोलायचं तू. नवरा बोलायला लागला की डॉक्टर त्याच्याकडेच बघतो. गाठ कधी लागली, वाढली का, ताप, वजन, घरात कुणाला टीबी होता, आई-मावशीच्या बाजूला कुणाला छातीचा रोग झाला होता, हे कागदावर लिहून ने. मराठी, कानडी, दखनी, जी जमेल ती बोल, तिथं सगळं चालतं. तपासताना बाई हजर पाहिजे असं म्हणायचा तुला हक्क आहे, म्हण.

मग बहुधा सुईची तपासणी सांगतील. इथं बायका पळून येतात. "सुई लावली की गाठ चिडते, रोग अंगभर पसरतो." तसं होत नाही. बघ कसं असतं ते: स्पिरिटनं जागा पुसतात, गार लागतं. डॉक्टर एका हाताच्या दोन बोटांत गाठ पकडतात, इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक सुई आत घालतात आणि ती आतल्या आत दोन-चारदा पुढं-मागं करतात. हे विचित्र वाटतं, दुखण्यापेक्षा विचित्रच जास्त. सुईत आलेला थेंब काचेच्या पट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीनं पसरवतात, वाळवतात, वर तुझा नंबर लिहितात. कापूस दाबून धर म्हणतात. झालं. त्या काचेवर रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तेव्हा गाठ नेमकी कसली ते कळायला लागतं. टीबीचा संशय असला तर त्याच थेंबातून जंतूचीही तपासणी करता येते, तशी मागणी कर. छातीच्या गाठीला कधी जाड सुईनं तुकडा घेतात. जागा बधिर करून घेतात, त्यालाही भिऊ नकोस.

आणि कुणी खासगीत "बारीक गाठ आहे, दहा मिनिटांत काढून टाकतो" म्हणालं तर आधी विचार, काढल्यावर तपासायला पाठवणार का? गाठ काढून बादलीत टाकली की ती काय होती ते पुन्हा कुणालाही सांगता येत नाही. असं झालेलं मी पाहिलंय, म्हणून सांगते. काढलेली प्रत्येक गाठ बाटलीत घालून तपासणीला गेलीच पाहिजे आणि त्याचा कागद तुझ्या हातात आला पाहिजे.

कागद इंग्रजीत असतो. 'रिॲक्टिव्ह' लिहिलं असेल तर ग्रंथी कशानं तरी चाळवली आहे, बहुतेक वेळा साधंच. 'बेनाइन' म्हणजे कर्करोग नाही. 'ग्रॅन्युलोमॅटस' आलं तर टीबीचा माग काढतील. 'मॅलिग्नंट' किंवा 'सस्पिशियस' दिसलं तर दुसऱ्याच दिवशी परत जायचं, घरी चर्चा करत बसायचं नाही. फसवणारा शब्द वेगळाच आहे, 'इनॲडिक्वेट'. त्यात काही वाईट लिहिलेलं नसतं म्हणून लोक पेढे वाटतात. त्याचा अर्थ काचेवर पुरेसं काही आलंच नाही, सुई पुन्हा लावायची. वैतागू नकोस, भांडू नकोस, लावून घे. आणि कागद लॅमिनेट करू नकोस गं, त्यावर पुढच्या डॉक्टरला शेरा मारायचा असतो. फोटो काढून मला पाठव, मूळ प्रत पेटीत रेशनकार्डाजवळ ठेव.